आबिद सुरतींचा बहादूर आणि आपली चित्रकथा

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा कथा, कविता, आत्मकथन आणि वैचारिक लेखन या चार खणांत फिरत आली आहे. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हापासून या चर्चेने बरीच मजल मारली. पण चित्रकथेकडे, म्हणजे आपण सगळे जिला सरळ ‘कॉमिक्स’ म्हणतो तिच्याकडे, कोणी गांभीर्याने वळून पाहिल्याचे माझ्या वाचनात नाही. एक तर हा पोरखेळ समजला जातो. दुसरे म्हणजे चित्र आले की आपल्या घरांत थोडी कुजबुज होतेच. तरीही आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या मुस्लिम वाचकाला विचारून पाहा. पहिले पुस्तक कोणते वाचले, याचे उत्तर पुष्कळदा वेताळ, मॅन्ड्रेक, चाचा चौधरी किंवा बहादूर असेच येते. यातल्या बहादूरचा जन्मदाता आपल्यातला होता हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

हिंदुस्थानातल्या कॉमिक्सचा इतिहास बव्हंशी मुंबईत घडला. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. पहिला अंक वेताळाचा. अमेरिकेत ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला हा मुखवटाधारी इथे इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी आणि इतर भाषांतही बोलू लागला. पण तो जसाच्या तसा आला नाही. मूळ गोष्टीत वेताळाचे जंगल बंगालच्या नावाशी जवळीक सांगणाऱ्या देशात होते. इंद्रजालने त्याचे ‘डेंकाली’ केले. चाच्यांच्या टोळीचे नाव ‘सिंग’ होते, ते ‘सिंगा’ झाले. वेताळाच्या पूर्वजाचा खून करणाऱ्याचे नाव ‘रामा’ होते, ते ‘रामालू’ झाले. उघड आहे की संपादकांना एक गोष्ट नीट कळत होती. खलनायकाला दिलेले नाव वाचणाऱ्या पोराच्या मनात कुठे जाऊन बसते, आणि त्याच नावाचा मुलगा वर्गात शेजारी बसला असेल तर त्याचे काय होते, हे त्यांना ठाऊक होते. या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

इंद्रजालच्या मुखपृष्ठांवरची रंगवलेली चित्रे बी. गोविंद या सहीची असत. ते गोविंद ब्राह्मणिया. आतली चित्रे परदेशी, पण दुकानात टांगलेल्या अंकाकडे पोरांना खेचून नेणारी चित्रे आपल्या माणसाची. ज्यांनी ती लहानपणी पाहिली आहेत त्यांना त्यातला पिवळा आणि जांभळा अजून आठवत असेल.

याच संस्थेत काम केलेले अनंत पै पुढे ‘अमर चित्र कथे’चे जनक झाले. १९६७ साली दिल्लीत दूरदर्शनवरच्या प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांची नावे आली, पण रामाच्या आईचे नाव आले नाही, हा प्रसंग ते नेहमी सांगत. त्यांनी इंडिया बुक हाउसच्या मदतीने मालिका काढली. तिच्यातला ‘कृष्ण’ राम वाईरकरांनी काढला. या मालिकेच्या आणि पुढे १९८० साली निघालेल्या ‘टिंकल’च्या चित्रकारांची यादी वाचली तर मराठी आडनावांची रांगच लागते. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम, वसंत हळबे, प्रदीप साठे, अशोक डोंगरे, नांगरे, राणे. सुपंडी वाईरकरांचा, शिकारी शंभू हळब्यांचा, कालिया कावळा साठ्यांचा. प्रताप मुळीक तर पुण्याचे. अमिताभ बच्चनला नायक करून १९८३ मध्ये निघालेल्या ‘सुप्रीमो’ची चित्रे त्यांची, आणि राज कॉमिक्सचा ‘नागराज’ पहिल्यांदा उभा राहिला तोही त्यांच्याच हातून. मराठी साहित्याच्या इतिहासात या मंडळींना एक परिच्छेदही मिळत नाही. तेव्हा आपल्याकडचे कोणी राहून गेले याचे दुःख एकट्याने करण्याचे कारण नाही.

या रांगेत एक नाव युसूफ लिएन यांचे आहे. १९७२ साली आलेली अमर चित्र कथेतली ‘मीराबाई’ त्यांनी काढली. शब्द कमला चंद्रकांत यांचे. घरोघरी गेलेल्या त्या पुस्तकातली मीरा एका मुस्लिम चित्रकाराच्या कुंचल्यातून उतरली होती. याचा त्यावेळी कोणी गाजावाजा केला नाही, आणि तसा तो करण्याचे कारणही नव्हते. रसखान कृष्णाचे पद गातो आणि शेख महंमद विठ्ठलाचे अभंग रचतो त्या देशात हे नवल नव्हे.

अमर चित्र कथेत अकबर आला, बाबर, हुमायून, शेरशाह आले, रझिया सुलताना आणि नूरजहाँ आल्या. बिरबलाच्या गोष्टींच्या निमित्ताने अकबर कितीतरी वेळा आला. तेव्हा आपल्याला वगळले अशी तक्रार करता येणार नाही. तक्रार निराळी आहे. जिथे लढाई आली तिथे चेहरे बदलले. एका बाजूचे चेहरे उजळ, सरळ नाकाचे; दुसऱ्या बाजूचे काळपट, जाड भुवयांचे, दाढी विस्कटलेले, डोळे तांबारलेले. नंदिनी चंद्रा यांनी २००८ साली आणि कार्लीन मॅक्लेन यांनी २००९ साली अमर चित्र कथेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिले, त्यांतही या चित्रणाची चर्चा आहे. इतिहासातल्या खलनायकाचे नाव ‘रामालू’सारखे बदलता येत नाही हे मान्य. अफजलखान तो अफजलखानच राहणार, आणि प्रतापगडाची हकिकत आहे तशीच सांगितली पाहिजे. पण चेहऱ्याचा रंग काही बखरीत लिहिलेला नव्हता. तो चित्रकाराने ठरवला. नावाच्या बाबतीत जी काळजी परदेशी गोष्टीसाठी घेतली गेली, ती चेहऱ्याच्या बाबतीत घरच्या गोष्टीसाठी घेता आली असती.

आमच्या महाळुंग्याहून चाकण जवळच. तिथला संग्रामदुर्ग आता भिंतींच्या अवशेषांपुरता उरला आहे, पण पोरांना दाखवायला तेवढे पुरते. १६६० साली फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर माणसांनिशी हा भुईकोट शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेविरुद्ध पंचावन्न-छप्पन दिवस झुंजवला. अखेर किल्ला गेला. तेव्हा खानाने फिरंगोजीच्या शौर्याची कदर केली, त्याला चाकरी देऊ केली, आणि इमानी किल्लेदाराने ती नाकारल्यावरही त्याला जाऊ दिले, असे इतिहासकार सांगतात. आता १६६३ च्या लाल महालात तुटलेली बोटे मी पाहिलेल्या प्रत्येक चित्रमय शिवचरित्रात आहेत. ती असावीतच, तो थरारक प्रसंगच आहे. चाकणचा हा दुसरा प्रसंग मात्र मला एकाही चौकटीत सापडलेला नाही. त्यात फिरंगोजी उणा होत नाही, उलट दुप्पट मोठा दिसतो. शत्रूने मान लववावी असा माणूस आपल्या पंचक्रोशीत लढून गेला, हे कुठल्याही जातिधर्माच्या पोराला ऐकायला आवडेल. पायदळाचे सरनोबत नूरखान बेग, आरमारातले दर्यासारंग, वकिलात करणारे काझी हैदर यांचीही तीच गत. महाराजांच्या पदरी ही माणसे होती, हे आपण भाषणांत सांगतो. चित्रात ती दिसली असती तर भाषणांची गरज कमी पडली असती.

आता आबिद सुरती. जन्म ५ मे १९३५, गुजरातेतल्या वावेरा गावचा. बालपण मुंबईच्या डोंगरीत. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत गोदीतून बोरीबंदरकडे एक छोटी आगगाडी जाई. तिच्यातले गोरे सैनिक रुळांकडेला धावणाऱ्या गरीब पोरांकडे खाऊ, चॉकलेट असे काहीबाही फेकत. एकदा एक कॉमिक्स आले. पोरांच्या झोंबाझोंबीत ते फाटले आणि छोट्या आबिदच्या हाती एकच पान लागले. त्यावर मिकी माउस होता. ते पान गिरवता गिरवता आपण चित्रकार झालो, असे सुरती यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. पुढे जे. जे. कला महाविद्यालयात शिक्षण झाले. गुजराती आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत त्यांनी लिहिले. कादंबऱ्या, नाटके, कथा, बालसाहित्य मिळून पुस्तकांची संख्या ऐंशीच्या पुढे गेली. १९९३ साली ‘तीसरी आँख’ या कथासंग्रहासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. डोंगरीत त्यांच्याबरोबर वाढलेल्या एका मित्राने तस्करीची वाट धरली. एकाच मोहल्ल्यातून निघालेल्या त्या दोन वाटांवर सुरतींनी कादंबरी लिहिली आणि तिचे नाव ठेवले ‘मुसलमान’. इंग्रजीत ती ‘सूफी’ म्हणून आली.

पण घराघरांत ते पोचले ते ‘ढब्बूजी’मुळे. धर्मवीर भारती संपादक असलेल्या ‘धर्मयुग’ साप्ताहिकात ‘कार्टून कोना ढब्बूजी’ तात्पुरती जागा भरण्यासाठी म्हणून सुरू झाला आणि तब्बल तीस वर्षे चालला. बुटका, काळ्या डगल्यातला, स्वतःला शहाणा समजणारा हा गृहस्थ कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, कुणी विचारले नाही. महाराष्ट्रात हिंदी वाचणारी पुष्कळ घरे धर्मयुग घेत, त्यांत आपलीही होती. विनोदी चित्राला इतकी वर्षे दर आठवड्याला ताजे राखणे ही केवढी मेहनत आहे, हे वर्गात पाच मिनिटे सलग पोरांना हसवायचा प्रयत्न केलेल्या मास्तरला विचारा.

बहादूर आला तो डिसेंबर १९७६ मध्ये, इंद्रजाल कॉमिक्समध्येच. पहिली गोष्ट लाल विटांच्या वाड्याची. लेखन सुरतींचे, चित्रे गोविंद ब्राह्मणियांची. काळ लक्षात घ्या. १९७२ साली चंबळच्या डाकूंनी जौरा येथे जयप्रकाश नारायण यांच्यासमोर शस्त्रे ठेवली होती; १९७५ मध्ये ‘शोले’ लागला होता; देशात आणीबाणी होती. डाकू हा विषय हवेतच होता. बाकीच्यांनी डाकू रंगवला, सुरतींनी डाकूचा मुलगा रंगवला. बहादूरचा बाप भैरवसिंग डाकू. पोलिस अधिकारी विशालच्या गोळीने तो मरतो. मुलगा सुडाच्या आगीत वाढतो, पण खरे काय ते कळल्यावर त्याच विशालच्या छायेत उभा राहतो आणि जयगढच्या लोकांना घेऊन नागरिकांचे सुरक्षा दल बांधतो. त्याच्याकडे जादू नाही, मुखवटा नाही, गुहा नाही. गावकरी आहेत, शिस्त आहे, आणि बेला आहे, जी हाणामारीत त्याच्या बरोबरीची आहे. त्या काळच्या हिंदी सिनेमातल्या नायिका खलनायकाच्या तावडीत किंचाळत असताना ही बेला स्वतःच्या हातापायांनी मार्ग काढत होती. मुलींच्या वर्गाला शिकवणाऱ्याला तिचे महत्त्व अधिक वाटते. पुढे बहादूरचे लेखन जगजित उप्पल यांच्याकडे गेले आणि चित्रांत गोविंद यांचे चिरंजीव प्रमोद आले, पण पाया सुरतींनी घातला तोच राहिला.

बहादूरच्या अंगात भगवा कुर्ता आणि खाली जीन्स. कुर्ता आपल्या मातीचा, जीन्स नव्या जमान्याची, अशी ही जोडणी होती. आज त्या कुर्त्याच्या रंगावरून कुणी काहीही अर्थ काढेल. १९७६ साली एका मुस्लिम लेखकाने आपल्या नायकाला तो रंग दिला, कारण तो त्याला या देशातल्या त्याग-शौर्याचा रंग वाटला असणार. रंगांची वाटणी त्याने मान्य केली नव्हती, असे मी समजतो.

आपल्यातले काही जण विचारतात की सुरतींनी नायकाला मुस्लिम नाव का दिले नाही? प्रश्न चुकीचा नाही. माझ्या वर्गातली पोरे, ज्यांचे बाप उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, मराठवाड्यातून चाकणच्या कारखान्यांत कामाला आले, ती हाच प्रश्न अधिक सरळ विचारतात, “सर, अपने नाम का कोई हीरो नहीं क्या?” बाजाराचे गणित त्यात होतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मी उर्दू शिकवतो, मला शब्द उलटून पाहायची सवय आहे. ‘बहादूर’ हा शब्द कुठला? मध्य आशियातून फारसीत, फारसीतून उर्दू-हिंदी-मराठीत आलेला. मोगल दरबारात तो किताब होता, शेवटच्या बादशहाच्या नावात तो आहे, आणि नेपाळी गोरख्याच्या नावातही आहे. सुरतींनीच निर्माण केलेल्या दुसऱ्या नायकाचे नाव ‘इन्स्पेक्टर आझाद’. आझाद चंद्रशेखरही आणि आझाद मौलानाही. सुरतींनी अशी नावे निवडली की ज्यांवर कुणा एकाला मालकी सांगता येऊ नये. ही भीतीपोटी केलेली लपवालपवी होती की विचारपूर्वक केलेली निवड? मला ती निवड वाटते. डाकूच्या मुलाकडे बापाचा हिशेब मागू नये, ही गोष्ट फाळणीनंतरच्या डोंगरीत वाढलेल्या लेखकाला सुचते, तेव्हा ती केवळ चंबळची गोष्ट राहत नाही.

मात्र यातून पोरांचा प्रश्न सुटत नाही, हेही खरे. अमेरिकेत न्यू जर्सीच्या पाकिस्तानी घरातली कमला खान २०१४ साली ‘मिस मार्व्हल’ होऊन स्वतःच्या अंकात झळकली. त्याआधी २००६ मध्ये कुवेतच्या नाइफ अल-मुतव्वा यांनी ‘द ९९’ काढले. आपल्या देशात मलिक सज्जाद या काश्मिरी चित्रकाराचे ‘मुन्नू’ २०१५ साली आले. ते मोठ्यांसाठी आहे, आणि फार चांगले आहे. मराठीत मात्र अजून आपल्या मोहल्ल्यातला पोरगा चौकटीत येऊन काही बोलताना मी पाहिला नाही.

आता त्या कुजबुजीबद्दल. चित्र जायज की नाजायज या वादात पडण्याचा अधिकार माझा नाही, ते उलेमांनी पाहावे. इतिहास काय सांगतो तेवढे सांगतो. अकबराच्या चित्रशाळेत सोळाव्या शतकात ‘हम्झानामा’ तयार झाला. अमीर हम्झांच्या दास्तानची सुमारे चौदाशे चित्रे, मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद यांच्या देखरेखीखाली, जवळजवळ पंधरा वर्षे खपून. प्रत्येक चित्र कापडावर, हातभराहून उंच; मागच्या बाजूला मजकूर. दास्तानगो चित्र दरबाराकडे धरी आणि मागचे वाचून दाखवी. आपल्या पिंगुळीचे चित्रकथी हेच करत आले, रामायण-महाभारताच्या पोथ्या समोर धरून. कॉमिक्स याहून निराळे काय आहे? त्या चौदाशेंपैकी आज दीडशेच्या आसपास उरली आहेत. एक मोठा गठ्ठा व्हिएन्नात आहे. १८८१ साली श्रीनगरला लंडनच्या संग्रहालयासाठी खरेदी करणाऱ्या एका साहेबाला काही चित्रे सापडली ती थंडी अडवायला खिडक्यांना लावलेली. त्यांतल्या कित्येकांवरचे चेहरे कुणीतरी खरवडून टाकलेले आहेत. ज्यांनी काढली तेही आपले, ज्यांनी खरवडली तेही आपलेच असण्याची शक्यता जास्त. आज बालभारतीची उर्दू पुस्तके पहिलीपासून सचित्र आहेत आणि सर्व घरांतली मुले ती वाचतात. वाद कागदावर उरला आहे, घरातल्या मोबाइलवर छोटा भीम चालूच असतो.

उर्दू कॉमिक्सची खरी अडचण निराळी आहे आणि ती तांत्रिक आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते. मराठी किंवा हिंदी चित्रपट्टी उर्दूत आणायची तर नुसते फुग्यातले शब्द बदलून भागत नाही, चौकटींचा क्रम उलटावा लागतो. आमच्या शाळेतल्या नव्या पोरासमोर ‘चिंटू’ ठेवा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही पट्टी १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये येऊ लागली आणि पुणे जिल्ह्यातल्या घराघरांत पोचली. पोरगा शेवटची चौकट आधी वाचतो. उत्तर आधी, प्रश्न नंतर. विनोद जागीच मरतो. सगळे चित्र आरशातल्यासारखे उलटवले तर दुसरीच पंचाईत. वेताळाच्या उजव्या हातात कवटीची अंगठी, डाव्या हातात अभयाची. चित्र उलटवले की ज्या हाताने तो ठोसा मारतो त्याने अभय आणि ज्याने अभय द्यायचे त्याने कवटी! शिवाय नस्तालीक लिपी तिरकी उतरत जाते, तिला उंची लागते. चिमुकल्या फुग्यात ती बसवायला पूर्वी कातिबच लागत असे. संगणकावर नूरी नस्तालीक १९८१ साली आली. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडले. म्हणजे कॉमिक्सची भरती होती तेव्हा उर्दूकडे यंत्र नव्हते, आणि यंत्र हाताशी आले तोवर भरती ओसरली. ‘खिलौना’पासून मुंबईच्या ‘गुल बूटे’पर्यंत उर्दूतल्या बालमासिकांनी जे चित्रमय काम केले ते या अडचणी सोसून केले, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे.

इंद्रजाल संपले तेव्हा बहादूरही संपला. जुने अंक पुण्याच्या जुन्या बाजारात कधी दिसले तर त्यांची किंमत आता हौशी संग्राहक ठरवतात, मुलांच्या खिशाला ती परवडत नाही. सुरती मात्र थांबले नाहीत. डोंगरीच्या चाळीत एका बादलीसाठी पहाटे चारला रांगेत उभी राहणारी आई त्यांच्या डोळ्यांसमोरून हलली नव्हती. २००७ साली, वयाच्या सत्तरीनंतर, उत्तर प्रदेशच्या हिंदी संस्थानकडून मिळालेल्या लाखभर रुपयांच्या पुरस्कारातून त्यांनी मीरा रोडला ‘ड्रॉप डेड’ नावाची संस्था सुरू केली. संस्था म्हणजे ते स्वतः, एक प्लंबर आणि एक कार्यकर्ती. दर रविवारी एका इमारतीत जायचे, घरोघर बेल वाजवायची आणि गळणारे नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. पहिल्याच वर्षी १६६६ घरे झाली आणि सुमारे ४ लाख १४ हजार लिटर पाणी वाचले, असा त्यांचा हिशेब आहे. रविवारी जाण्याआधी त्या इमारतीत एक भित्तिपत्रक लागे, ढब्बूजी काढणाऱ्या हाताने तयार केलेले.